फातोर्ड्याचं तिकीट: मैदान जवळचं, टीम पाहुणी

बेळगावात राहून बेंगळूर एफसी ह्या फुटबॉल क्लबला सपोर्ट करणाऱ्या माणसाची अडचण आधी नीट समजून घ्या, मग पुढचं सगळं कळेल. आपल्या टीमची होम मॅच बघायची तर कंठीरवा स्टेडियम पाचशे किलोमीटरवर, रात्रभर गाडीत बसायचं आणि दुसऱ्या रात्री परत. आणि तीच टीम गोव्यात खेळायला आली की मडगावचं फातोर्डा स्टेडियम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, जेवण करून निघालं तरी संध्याकाळच्या आत पोचतंय. म्हणजे आमच्या भागात होम मॅच लांब आणि अवे मॅच दारात. पण तिकिटाच्या बाबतीत हे 'दारात' काही कामाचं नाही, कारण तिथं तुम्ही पाहुणे, आणि पाहुण्यानं तिकीट कसं काढायचं याची सवय आमच्याकडे कुणालाच नाही. खाली लिहितोय ते ६ एप्रिल २०२५ च्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) सेमीफायनलचं प्रकरण आहे, एफसी गोवा विरुद्ध बेंगळूर, दुसरा लेग, फातोर्डा. सेमीला दोन मॅच असतात, एकेकाच्या मैदानावर एकेक, तेच दोन लेग, आणि दोन्हीचे गोल मिळून जो पुढं तो फायनलला. आम्ही आठजण गेलो, तिकिटांचं काम माझ्याकडे होतं. त्यात कुठला निर्णय कधी घेतला आणि त्याचं काय झालं ते सगळं मांडतोय, कारण दर सीझनला मला ह्यावरच फोन येतात.

माणसं कोण होती ते आधी. मी टिळकवाडीचा. माझा जुना मित्र, त्याला इथं मामाच म्हणतो, कारण प्रकरणातला मुख्य माणूस त्याचा भाचा. भाचा तेव्हा दहावीला, बेंगळूरच्या सुनील छेत्रीचा भक्त. वडगावचे दोघे इंजिनियर, बेंगळुरात नोकरी, पाडवा आणि ईद जोडून आली म्हणून गावी आलेले आणि मग आठवडाभर घरनंच काम करत राहिलेले. खानापूरचे एक गुरुजी. आणि निपाणीचे दोघे चुलतभाऊ. यात गुरुजी आणि मामा हे दोघे पक्के गोव्याच्या टीमचे. ह्यात कुणाला नवल वाटायचं कारण नाही, बेळगाव-खानापूरचा फुटबॉल आधीपासनं गोव्याकडे तोंड करून आहे, खानापूर तालुक्यातल्या किती घरातली माणसं कामाला गोव्यात आहेत बघा, तिथली टीम त्यांना आपली वाटते आणि वाटायलाच पाहिजे. बेंगळूर एफसी क्लबच मुळात २०१३ चा, आमच्याकडे तो आला नोकरीला तिकडं गेलेल्या पोरांबरोबर आणि छेत्रीमुळं. गोव्याची जर्सी केशरी, बेंगळूरची निळी, त्यामुळं एकाच घरात मामा केशरी आणि भाचा निळा हे आमच्याकडे अगदी नेहमीचं चित्र आहे.

आता तारखा बघा, कारण सगळा घोळ तारखांचा. गोवा लीगमध्ये दुसरं आलं म्हणून थेट सेमीत. बेंगळूरला आधी मुंबई सिटीशी एक मॅच खेळायची होती, ती २९ मार्चला कंठीरवावर झाली, ५–० जिंकले. म्हणजे सेमी कुणाबरोबर हे पक्कं झालं २९ च्या रात्री. ३० ला गुढीपाडवा. २ एप्रिलला पहिला लेग बेंगळुरात. ६ ला दुसरा लेग फातोर्ड्यात, रविवार, आणि त्या दिवशी रामनवमी. लीगच्या मॅचचं वेळापत्रक कितीतरी आधी हातात असतं, प्लेऑफमध्ये, म्हणजे लीगनंतरच्या बाद फेरीत, जेमतेम आठवडा मिळतो, आणि त्या आठवड्यात तिकीट, गाडी, रजा, घरच्यांची परवानगी सगळं एकदम करायचं.

पहिला वाद पाडव्याच्याच दिवशी. मामा म्हणाला, "तिकिटाचं काय एवढं, जाऊन खिडकीवर काढू की." हे त्याचं बोलणं कुठनं आलं ते मला माहीत आहे. आम्ही सगळे कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर मॅच बघत मोठे झालोय, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, तिथं दुपारी पोचायचं, खिडकीवर कागदी तिकीट घ्यायचं, आत जायचं, आणि जो कुणाला ओरडायचा त्याला ओरडायचा. निपाणीकरांना तर ते घरच्या अंगणासारखं, चाळीसेक किलोमीटर. पण आयएसएलची सेमी तशी नसते. फातोर्ड्याचं स्टेडियम सुमारे १९ हजारांचं, बहुतेक सगळं तिकीट आधीच ऑनलाइन जातं, आणि सेमीला स्थानिक लोकच इतके असतात की खिडकीच्या भरवशावर दीडशे किलोमीटर जाणं मला पटत नाही. एकटा माणूस गेला तर गेला, आठजण आणि त्यात एक पोरगं घेऊन नाही. तिकीट नसताना स्टेडियमच्या बाहेर गर्दीत उभं राहणं किती धोक्याचं असतं ते पुढं ४ जूनला बेंगळुरात चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं गेली तेव्हा सगळ्या देशानं बघितलं. ती क्रिकेटची गर्दी होती, पण गर्दीला खेळ कळत नाही.

दुसरा आणि खरा प्रश्न: कुठल्या बाजूचं तिकीट. ॲपवर तुम्ही मॅच उघडता तेव्हा स्टँडचा नकाशा दिसतो, आणि जे सहज दिसतं, स्वस्त दिसतं ते सगळं होम स्टँड असतं. पाहुण्यांसाठी वेगळा भाग ठेवलेला असतो, तो छोटा, कोपऱ्यातला, त्याची विक्री कधी कधी वेगळ्या लिंकवरनं किंवा पाहुण्या क्लबच्या फॅन ग्रुपमार्फत होते. घाईत माणूस पहिलं दिसेल ते काढतो. भाच्याला हे इंग्लंडमुळं थोडं माहीत होतं, तो प्रीमियर लीग बघतो, तिथं पाहुण्या क्लबला तीन हजारपर्यंत तिकिटं द्यायचा नियमच आहे, स्टेडियम लहान असलं तर क्षमतेच्या १० टक्के, आणि २०१६-१७ पासनं अवे तिकीट ३० पाउंडच्या वर विकायचं नाही असं सगळ्या क्लबांनी ठरवलंय. ती तिकिटं मग पाहुणा क्लब आपल्या मेंबरांना विकतो, जो जास्त अवे मॅचना गेलाय त्याला आधी. भाच्याला वाटलं इथंही तसंच काहीतरी असेल, क्लबच्या साइटवर जायचं आणि नंबर लावायचा. पण आपल्याकडे कामाचा माणूस म्हणजे फॅन ग्रुप. बेंगळूरच्या वेस्ट ब्लॉक ब्लूजसारखे ग्रुप अवेला स्वतः जातात, त्यांच्यात कोण येणार त्याची मोजणी आधी होते. वडगावच्या दोघांची तिथं ओळख होती, कंठीरवावर त्यांच्याबरोबर उभे राहिलेले. त्यामुळं आम्ही किती जण येणार ते ३० तारखेलाच त्यांच्या कानावर गेलं. बेळगावातनं कुणी येणार आहे हे ऐकून त्यांनाच आनंद झाला, कारण त्यांना पाचशे-सहाशे किलोमीटर यायचं आणि आम्ही शेजारचेच.

मी ह्या एका गोष्टीवर अडून बसलो होतो: जो बेंगळूरचा आहे त्यानं पाहुण्यांच्याच भागात बसायचं. होम स्टँडमध्ये तिकीट मिळतंय म्हणून घ्यायचं, जर्सी पिशवीत लपवायची आणि दीड तास तोंड दाबून बसायचं, हे मला कधीच मान्य नाही. तुम्ही घरदार सोडून घाट उतरून जाताय ते ओरडायला ना. आणि दुसरं, होम स्टँडमधला माणूस त्याच्या घरात बसलाय, त्याच्या शेजारी बसून त्याच्या टीमवर गोल झाल्यावर उड्या मारणं हे त्याच्यावरही अन्याय. भांडणं बहुतेक अशीच सुरू होतात, दोघांचीही चूक नसते, जागा चुकीची असते.

मग गोव्याच्या दोघांचं काय? गुरुजींचा प्रश्न सोपा, त्यांनी होम स्टँडचं एक तिकीट स्वतः काढलं, पाच मिनिटात झालं. मामाचा प्रश्न अवघड, कारण भाचा. भाचा सोळा वर्षांचा, त्याला एकट्याला पाहुण्यांच्या गर्दीत बसवायला अक्का, म्हणजे त्याची आई, तयार होणं शक्य नव्हतं. "मामा बरोबर असला तरच" हे तिचं पहिलं वाक्य. मी होतो, वडगावचे दोघे होते, पण ती म्हणाली तुम्ही सगळे मॅच बघणार, माझ्या पोराकडे मामा बघणार. बरोबरच बोलली. आता मामानं भाच्याला केशरी बाजूला नेलं तर पोरगं रडकुंडीला येणार, आणि मामा निळ्या बाजूला आला तर आयुष्यभर गोव्याला ओरडलेला माणूस बेंगळूरच्या घोळक्यात. दोन दिवस तो काहीच बोलला नाही. मग मंगळवारी सकाळी मेसेज, "माझं तिकीट पोरग्याच्या शेजारचं काढ. केशरी घालणार नाही, ओरडणार पण नाही." मला ह्या माणसाबद्दल फार आदर वाटला, आणि ते मी त्याला तेव्हाच सांगितलं.

पण अक्काची दुसरी अट होती आणि ती जास्त कठीण. दहावीची परीक्षा ४ एप्रिलपर्यंत चालू होती. अक्का म्हणाली पेपर संपल्याशिवाय घरात मॅचचं नाव काढायचं नाही, चार तारखेला दुपारी पोरगं घरी आलं की मग ठरवू. तिचं बरोबर, पण चार तारखेच्या दुपारपर्यंत तिकीट थांबत नाही. भाऊजी, म्हणजे भाच्याचे वडील, मधे पडले, म्हणाले पैसे मी देतो, तिकीट काढून ठेवा, पोराला कळू देऊ नका, पेपर वाईट गेला असं वाटलं तर मीच त्याचं तिकीट दुसऱ्या कुणाला देईन. अक्काला ते पटलं. म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय त्यालाच माहीत नाही की त्याचं तिकीट निघालंय. घरात लहान-मोठं कुणी परीक्षेत असेल आणि तुम्ही प्लेऑफचं तिकीट काढणार असाल तर हा मार्ग मला सगळ्यात चांगला वाटतो: निर्णय चार तारखेला, पैसे आधी.

आता कधी काढायचं, पहिल्या लेगच्या आधी की नंतर. निपाणीचे दोघे म्हणाले थांबू, बेंगळूर घरीच हरलं तर कशाला जायचं. हिशोबी विचार आहे, चुकीचा म्हणणार नाही. मी म्हटलं आधी काढू. माझा विचार असा की पहिल्या लेगचा निकाल काहीही लागला तरी तिकीट मिळणं अवघडच होणार. बेंगळूर जिंकलं तर बेंगळूरवाले सगळे धावणार, गोवा जिंकलं तर गोव्याचे लोक जल्लोषाला येणार आणि स्टेडियम भरणार. आधी काढण्यात धोका एकच, टीम तीन गोलनं हरलेली असताना जावं लागणं. तेवढं चालतं, अवेला जाणारा माणूस त्याच्यासाठी तयारच असतो. पैसेही सगळ्यांकडनं आधी घेतले. "नाव लिहून ठेव, पैसे गाडीत देतो" असं म्हणणाऱ्याचं नाव मी लिहीत नाही. मित्र असला तरी नाही, कारण तिकीट परत होत नाही आणि मग त्या एका तिकिटावरनं वर्षभर मनात राहतं.

१ तारखेला संध्याकाळी लिंक आली, वडगावच्या पोरानं लगेच पाठवली. पाच तिकिटं: मी, मामा, भाचा, ते दोघे. इथं एक गोष्ट घडली ती सगळ्यांनी लक्षात ठेवा. पेमेंट करताना युपीआयवरनं पैसे कटले आणि ॲपवर गोल फिरत राहिलं, मग पान बंद. वडगावचा पोरगा म्हणाला परत कर परत कर, संपतील. मी केलं नाही. आधी बँकेचा मेसेज बघितला, मग ॲपमध्ये माझ्या बुकिंगच्या पानावर गेलो, काही नाही, दहा मिनिटं थांबलो, परत बघितलं तर पाचही तिकिटं तिथं बसलेली. घाईत दुसऱ्यांदा केलं असतं तर दहा तिकिटं आणि पाचचे पैसे अडकले असते. पैसे कटलेत आणि तिकीट नाही अशा वेळी बुकिंगचं पान आणि ईमेल दोन्ही बघा, थोडा वेळ द्या, नाहीच आलं तर व्यवहाराचा नंबर लिहून ठेवा, पैसे बहुतेक परत येतात.

२ तारखेला बेंगळूर २–० जिंकलं. गोव्याच्या संदेश झिंगनचा ओन गोल, म्हणजे स्वतःच्याच जाळ्यात, आणि मग बेंगळूरचा एडगर मेंडेझ. त्या रात्रीच निपाणीचा फोन, "दोन मिळतील काय?" पाहुण्यांच्या भागातली संपली होती. मी ग्रुपला विचारून बघितलं, तिथंही वेटिंगवर माणसं. दुसऱ्या दिवशी त्यांना कुठनं तरी एक फॉरवर्ड आलं, अवे स्टँड, दोन तिकिटं, मूळ किमतीच्या दुप्पट, आधी पैसे पाठवा मग क्यूआर पाठवतो. त्यांनी मला दाखवलं. मी त्यांना एवढंच सांगितलं की क्यूआर म्हणजे नुसतं चित्र आहे, एकच चित्र तो दहाजणांना पाठवू शकतो, गेटवर जो पहिला स्कॅन करेल तो आत, बाकीच्यांना मशीन सांगणार तिकीट वापरलं गेलंय, आणि तिथं उभा असलेला पोरगा तुमचं काही ऐकू शकत नाही कारण त्याच्या हातात मशीन सांगेल तेच खरं. विकणाऱ्याला विचारा, तिकीट ॲपमधनं तुमच्या नंबरवर ट्रान्सफर करतोस का. त्यांनी विचारलं. त्यानं उत्तर दिलं नाही, नंबर बंद केला. दोघांनी मग होम स्टँडची तिकिटं स्वतःच्या खात्यावरनं काढली, गुरुजींच्या जवळपासची. मी त्यांना स्पष्ट म्हटलं, जाताय तर साधे शर्ट घालून जा, आणि तिथल्या लोकांचा मान ठेवा. त्यांनी ठेवला.

४ ला दुपारी भाचा शेवटचा पेपर देऊन आला. पेपर बरा गेला होता. अक्कानं जेवायला वाढलं आणि ताटाशेजारी फोन ठेवला, तिकीट उघडून. मी तिथं नव्हतो, मामानं सांगितलं. पोरगं ताटावरनं उठलं आणि आधी आईच्या पाया पडलं.

गाडीबद्दल थोडंच सांगतो. तिकिटं हातात आल्यावरच गाडी बोलली. आमच्याकडे उलटं करतात, गाडीला ॲडव्हान्स देऊन टाकतात आणि मग तिकीट शोधतात, मग ॲडव्हान्स वाया जाऊ नये म्हणून मिळेल तिथलं, मिळेल त्या भावाचं तिकीट घेतात. रेल्वेचा विचार केला होता, लोंड्यावरनं मडगाव, लाइन सुंदर आहे, पण साडेसातची मॅच संपल्यावर परत यायला जुळणारं काही नव्हतं. यलो बोर्ड, म्हणजे भाड्याच्या परवान्याची गाडी घेतली, ओळखीच्या माणसाची व्हाइट बोर्ड, म्हणजे खाजगी, स्वस्तात मिळत होती ती नाकारली. राज्याची हद्द ओलांडून भाड्यानं माणसं नेताना कागद सगळे सरळ पाहिजेत, घाटाखाली चेकिंगला अडकलं की मॅच गेली. जाताना अनमोड, कारण मडगावला तोच सरळ पडतो, रस्ता कसाही असला तरी. चोर्ल्यानं गेलं की आधी साखळीकडं उतरायचं आणि मग परत खाली यायचं.

रविवारी रामनवमी असल्यामुळं बाराच्या जन्मकाळाआधी कुणी घर सोडायला तयार नव्हतं. मामाच्या गल्लीत पाळणा असतो. मी वेळ तशीच धरली होती, साडेबाराला सुंठवडा घेऊन एकला गाडीत. निपाणीचे सकाळीच आले होते. निघताना प्रत्येकाच्या फोनवर प्रत्येकाचं तिकीट गेलंय का ते एकेकाचं तपासलं, हे माझ्या मते तिकीट काढण्याइतकंच महत्त्वाचं काम. पाच तिकिटं एकाच्या फोनमध्ये ठेवली आणि तो माणूस गर्दीत मागं राहिला, किंवा त्याची बॅटरी गेली, की पाचहीजण बाहेर. शिवाय स्टेडियमजवळ हजारो फोन एकदम चालू असतात, नेट रांगत चालतं, तिकिटाचं पान उघडत नाही. म्हणून घाट लागायच्या आधी, रामनगरला चहाला थांबलो तेव्हा, सगळ्यांना तिकीट उघडून ठेवायला लावलं. आधार कार्ड सगळ्यांच्या खिशात. भाच्याचं तिकीट त्याच्या स्वतःच्या फोनवर नव्हतं कारण परीक्षेसाठी अक्कानं फोन काढून घेतला होता, ते मामाच्या फोनवर. पाण्याची बाटली, पॉवर बँक असलं काही आत नेऊ देतील की नाही याचा वाद घालत बसलो नाही, सगळं गाडीतच ठेवलं.

मडगावला पोचल्यावर कदंबा बसस्टँडजवळ ड्रायव्हरला थांबवलं आणि मॅचनंतर सगळ्यांनी इथंच यायचं असं ठरवून तिथनं चालत गेलो. तिथं आमचे दोन भाग झाले. गुरुजी आणि निपाणीकर एका गेटला, आम्ही पाचजण दुसऱ्या. पाहुण्यांचं गेट वेगळं असतं आणि कधी कधी पूर्ण वळसा घालून जावं लागतं, त्यामुळं तिकिटावर गेट नंबर बघूनच चाला, गर्दी जाते तिकडं जाऊ नका, गर्दी होम गेटला जात असते.

मॅच टीव्हीवर सगळ्यांनी बघितलीच असेल. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच गोव्याच्या बोर्हा हेरेरानं मारला, १–०. मग शेवटच्या मिनिटांत त्यांच्याच सादिकूनं दुसरा, दोन्ही लेग मिळून २–२, अख्खं स्टेडियम उठलं, आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. आमच्या कोपऱ्यात सगळे गप्प, काहीजण खाली बसलेले. मी मामाकडे बघितलं. त्याच्या टीमनं एवढं मोठं काम केलं होतं आणि तो भाच्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा, चेहऱ्यावर काही नाही. त्यानं शब्द दिला होता तो पाळला. आणि मग इंज्युरी टाइमला, नव्वद मिनिटं संपल्यावरच्या वाढीव मिनिटांत, छेत्री. चाळिशीचा माणूस, हेडर, गोल. २–१, पण मिळून ३–२ बेंगळूर. त्या कोपऱ्यात काय झालं ते मला लिहून सांगता येणार नाही, मी कुणाच्या गळ्यात होतो तेही मला माहीत नाही, भाचा रडत होता, बेंगळूरहून आलेली अनोळखी पोरं त्याला उचलत होती, कन्नडमध्ये, इंग्लिशमध्ये, मराठीत सगळे एकदम ओरडत होते. हे होम स्टँडमध्ये मिळत नाही. निपाणीच्या थोरल्यानं नंतर सांगितलं, "गोल झाला तेव्हा मी बूट बांधायला खाली वाकलो, कुणाला तोंड दिसू नये म्हणून." तो पोरगा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा गोल बघायला गेला होता आणि त्याला खाली बघावं लागलं. माझा अवे भागाचा हट्ट का असतो ते ह्याच्यापुढे जास्त सांगायची गरज नाही.

मॅच संपल्यावर पाहुण्यांना लगेच सोडत नाहीत, आधी बाकीची गर्दी जाऊ देतात, हे धरून चाला आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा. गुरुजी आमच्या आधी गाडीपाशी येऊन बसले होते. फार दुखावले होते, पण भाचा आल्यावर उठून त्याच्या पाठीवर थाप मारली. रात्री घाट चढून बेळगावात पोचेपर्यंत पहाट होत आली होती. आठजण, दोन टीमचे, कुणी कुणाला टोचून बोललं नाही.

फायनल १२ तारखेला कोलकात्याला होती. त्याच्या तिकिटाचा विचार गाडीतच सुरू झाला होता आणि गाडीतच संपला, सहा दिवसात तेवढ्या लांब कुणालाच जमणार नव्हतं. ती बेंगळूर एक्स्ट्रा टाइममध्ये मोहन बागानकडनं २–१ हरलं, आम्ही सगळ्यांनी मामाच्या घरी बघितली.

हिशोब मिटवताना मामानं एक विषय काढला. पुढच्या वेळी त्याला केशरी बाजूला, गुरुजींशेजारी बसायचंय, एकदा दिलेला शब्द दरवेळी देणार नाही म्हणाला, आणि ते रास्त आहे. म्हणजे भाच्याचं तिकीट त्याच्या स्वतःच्या फोनवर पाहिजे, आणि मामाच्या जागी त्याच्याकडे बघायची जबाबदारी मी लिहून दिल्यासारखी घ्यायची. अक्कानं हो म्हटलंय, पीयूसीची, म्हणजे अकरावी-बारावीची, परीक्षा त्या आठवड्यात नसली तर. निपाणीच्या दोघांनी त्यांचे पैसे आत्तापासनंच माझ्याकडे देऊन ठेवलेत.